मुस्तफाचा कैवार

आमच्या शाखेत दुपारी दोन ते अडीच जेवणाची सुट्टी असते. या अर्ध्या तासात डबे संपतात आणि देशापुढचे प्रश्नही संपतात. परवाचा प्रश्न होता व्हिडिओ गेमचा. हेडकॅशियरांनी भेंडीच्या भाजीत पोळीचा तुकडा बुडवत निकाल दिला, "ते मारामारीचे खेळ आधी बंद करायला पाहिजेत. पोरं वाया चाललीत." कर्जविभागाने मान डोलावली. ठेवविभागाने डोलावली. एवढंच काय, गेल्या सहा महिन्यांत एकाही कागदावर 'होय' न म्हटलेले आमचे मॅनेजरसाहेब, तेही 'होय' म्हणाले.

मी 'नाही' म्हणालो.

डब्यांची खडखड थांबली. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी कशाला 'नाही' म्हटल्याची नोंद नाही. एकदा चहात साखर जास्त आहे म्हणालो होतो, पण तो विरोध मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला होता. तेव्हा लोकांना धक्का बसणं स्वाभाविक होतं. "तुम्ही मारामारीच्या बाजूचे?" हेडकॅशियरांनी विचारलं. मी काही बोलणार एवढ्यात अडीच वाजले आणि पेन्शनर मंडळी खिडकीशी आली. जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे. लेखी म्हणणं सादर करण्याची आम्हा बँकवाल्यांना सवयच असते.

तर होय, मी मारामारीच्या बाजूचा आहे. सरसकट नव्हे. मी मुस्तफाच्या बाजूचा आहे.

मुस्तफा कोण हे ज्यांना सांगावं लागतं त्यांची शाळा एक तर १९९० पूर्वी संपली असावी, नाहीतर त्यांनी ती खरोखरच शिकून काढली असावी. आमच्या पिढीतल्या उरलेल्यांना नुसतं नाव पुरे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली एक गेम काढला, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथांवर तो बेतलेला. त्याच वर्षी तिकडे टीव्हीवर त्याच नावाची कार्टून मालिकाही आली आणि वर्षभरात गुंडाळलीही गेली. यातलं एक अक्षरही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पडद्यावरचं एवढं लांबलचक इंग्रजी नाव वाचण्यात कोण वेळ घालवणार? खेळात चार वीर होते : जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि मेस ओब्राडोविच. कंपनीच्या हिशेबाने नायक जॅक. पण या देशातल्या पोरांनी जॅकला बाजूला सारलं आणि टोपीवाल्या, धावत येऊन लाथ घालणाऱ्या मुस्तफाला बिनविरोध निवडून दिलं. अख्ख्या खेळाचंच नाव 'मुस्तफा' पडलं. मी पाहिलेल्या निवडणुकांत एवढी स्वच्छ निवडणूक दुसरी नाही.

माझी आणि मुस्तफाची गाठ पडली ती किकवीला. किकवी म्हणजे भोर तालुक्यातलं आमचं मूळ गाव, पुणे-सातारा रस्त्यावर. स्वारगेटहून एस.टी.त बसायचं, कात्रजचा घाट, खेड शिवापूर, कापूरहोळ असं करत जायचं आणि कंडक्टरने "किकवीवाले" अशी हाळी दिली की पिशवी आणि पोट दोन्ही सांभाळत उतरायचं. मे महिना तिथेच जायचा. आंबे, विहीर, आजी आणि चुलतभाऊ एवढं वैभव आधीपासून होतंच. त्यात १९९५च्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या एका टपरीत गोणपाटाच्या पडद्यामागे ते मशीन आलं आणि विहीर त्या वर्षी ओस पडली.

दर एक रुपया. मूळ खेळात तिघांना एकत्र लढायची सोय होती, पण आमच्या मशीनला दांडे दोनच. एक चुलतभावाचा, एक माझा. चुलतभाऊ माझ्याहून वर्षाने मोठा, त्यामुळे मुस्तफा त्याचा. मी जॅक. पुढे मी बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो, त्याची चिन्हं तिथेच दिसत होती. तो धावत जाऊन लाथा घालायचा आणि मी मागे उभा राहून किती रुपये उरले ते मोजायचो.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून घेऊ.

आक्षेप पहिला : हे खेळ मारामारी शिकवतात. मी विचारतो, मारामारी माणसाला शिकवावी लागते का? आमच्या आळीत दोन पोरं आणि एक चेंडू एवढं भांडवल असलं की मारामारीचा कारखाना सुरू होतो, वीजसुद्धा लागत नाही. टॉम आणि जेरी १९४० सालापासून एकमेकांच्या डोक्यात तवे घालताहेत. आमचे हेडकॅशियर ते नातवाला मांडीवर घेऊन बघतात आणि नातवापेक्षा जास्त हसतात. जत्रेत हलगी कडाडते, आखाड्यात रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, तेव्हा हेच सभ्य लोक पुढची जागा धरायला तासभर आधी जातात. तिथे चितपट झालेला पोरगा उठून लंगोटाची माती झटकतो आणि ज्याने पाडलं त्याच्याच खांद्यावर हात टाकून रेवड्या खायला जातो. ती मारामारी संस्कृती, आणि आमची विकृती!

आणि मुस्तफा मारत तरी कुणाला होता? त्या खेळात डायनासोर शत्रू नाहीत, डायनासोरांची चोरून शिकार करणारी टोळी ही शत्रू. म्हणजे एक रुपयात आम्ही चक्क वन्यजीव संरक्षण करत होतो. आजीला हे तेव्हा पटवून देता आलं असतं तर पाठीवरचे दोन-चार रट्टे वाचले असते. पण आम्हालाच ते कळलेलं नव्हतं.

आक्षेप दुसरा : पैशाचा नाश. इथे मात्र मी खुर्ची पुढे ओढतो, कारण हे माझं खातं आहे. मुस्तफाचा व्यवहार रोखीचा होता. रुपया टाका, खेळा, मरा. मेलात की पडद्यावर आकडे उलटे मोजले जायचे, नऊ, आठ, सात. शून्याच्या आत दुसरा रुपया टाकला तर जीवदान, नाहीतर घरी. खिसा रिकामा झाला की खेळ संपला. उधारी नाही, हप्ता नाही, 'अटी व नियम लागू' नाहीत. शिवाय हल्ला आणि उडी ही दोन्ही बटणं एकदम दाबली की आपला वीर चौफेर गरगरा फिरून सगळ्यांना लोळवायचा, पण त्या बदल्यात त्याचं स्वतःचं थोडं आयुष्य वजा व्हायचं. ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय हे मला कॉमर्स कॉलेजात कळलं नाही. ते मला किकवीच्या टपरीत आधीच कळलेलं होतं.

उलट आजचा खेळ फुकट असतो. फुकट हा शब्द ऐकला की बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा उठतो. गेल्या वर्षी मी माझं पासबुक सहज भरून घेतलं तर त्यात एकोणनव्वद रुपयांच्या अकरा नोंदी! एकूण नऊशे एकोणऐंशी. "आपला ओटीपी कुणालाही सांगू नका" असं दिवसाला चाळीस ग्राहकांना सांगणारा मी, माझ्याच खात्यात चोर शिरला म्हणून घामाघूम झालो. घरी आल्यावर चोर सापडला. तो अभ्यासाला बसला होता. फुकटच्या एका खेळातल्या एका रेड्याला त्याने अकरा टोप्या घेतल्या होत्या. खेळाचं नाव सांगत नाही, जाहिरात कशाला करा? "अहो, मुलगा आहे, चुकतो," असं सौ. म्हणाली. मी म्हटलं, "चुकला याचं दुःख नाही. पण रेड्याला अकरा टोप्या, आणि मी गेली तीन वर्षं एकच छत्री वापरतोय!"

फुकटाचं पुढे काय होतं त्याचा जाहीर दाखला देतो. वॉर्नर ब्रदर्सने २०२२च्या जुलैत 'मल्टिव्हर्सस' नावाचा मारामारीचा खेळ सर्वांसाठी खुला केला. बॅटमॅन, सुपरमॅन, बग्ज बनी, आमचे टॉम आणि जेरी, सगळे एका आखाड्यात. ज्याने दुसऱ्याला फळीवरून बाहेर उडवलं तो जिंकला. प्रवेश फुकट. मात्र आत शंभर डॉलरपर्यंतची पाकिटं विकायला होती. २०२३च्या जूनमध्ये तो बंद ठेवला, २०२४च्या मेमध्ये वाजतगाजत पुन्हा उघडला आणि ३० मे २०२५ला ऑनलाइन दुकान कायमचं मिटलं. आमच्याकडे एखादं खातं बंद करायचं तर ग्राहकाला शिल्लक द्यावी लागते. इथे शिल्लक काय राहिली? तर ज्यांनी तो खेळ आधीच उतरवून घेतला होता त्यांना एकट्याने, किंवा घरातल्या घरात शेजारी बसलेल्या दोस्तांबरोबर खेळायची मुभा. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. जगभरचे अनोळखी प्रतिस्पर्धी गेले, हंगाम गेले, दुकान गेलं. आणि सगळं वाहून गेल्यावर तळाशी काय उरलं, तर एका कोचावर खांद्याला खांदा लावून बसलेली चार माणसं. मी एवढंच म्हणतो आहे की जे शेवटी उरतं त्यापासूनच सुरुवात करावी.

"पण आता बंदीचा कायदा आलाच आहे की," असं कर्जविभागाचं म्हणणं. आला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने तो केला, पण तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी. रेड्याच्या टोप्यांचा बंदोबस्त संसद करणार नाही. तो मला आणि तुम्हालाच करावा लागेल.

आक्षेप तिसरा : पोरं एकलकोंडी होतात. इथे मी प्रतिपक्षाचा हात हातात घेतो. खरं आहे. आमचे चिरंजीव कानाला डबडं लावून, दार लोटून, कुठल्या तरी अज्ञात देशातल्या अज्ञात पोराला शिव्या देत असतात. त्या पोराला तहान लागली तर हा पाणी देऊ शकत नाही. तो रुसला तर याला कळत नाही. भांडण झालं की बटण दाबायचं, माणूस नाहीसा. मुस्तफाच्या वेळी ही सोय नव्हती. चुलतभावाशी भांडण झालं तरी त्याचं कोपर माझ्या बरगडीतच असायचं, आणि रात्री त्याच्याच शेजारी अंथरूण. सकाळपर्यंत भांडण मिटवलं नाही तर दुसरा दांडा धरणार कोण? तेव्हा रोग मारामारीचा नाही, रोग दांड्यांच्या संख्येचा आहे.

आता माझ्या पक्षाचे दोषही मांडतो, नाहीतर लेखापरीक्षक धरतील. त्या टपरीत विड्यांचा धूर असायचा. कानावर पडणारे शब्द शाळेच्या शब्दकोशात नव्हते. आणि शेवटचं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही : आजीच्या कनवटीची पिशवी ती दुपारी झोपली की उशाशी असायची. त्यातून त्या महिन्यात सात रुपये कमी झाले. चोरणारा मी होतो आणि पहाऱ्यावर चुलतभाऊ. सुट्टी संपून निघताना आजीने माझ्या हातावर खाऊला तीन रुपये ठेवले आणि म्हणाली, "दहा झाले बघ." बस्स. पुढे एक शब्द नाही. एवढं मुकाट्याने केलेलं लेखापरीक्षण मी रिझर्व्ह बँकेकडूनही पाहिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

आजी गेली. टपरी गेली. रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग चार होता, त्याचा अठ्ठेचाळीस झाला आणि तो रुंद झाला. रुंदीकरणात आमच्या सामाईक जमिनीची एक पट्टी गेली आणि मोबदला आला. मोबदला येईपर्यंत आम्ही चुलतभाऊ होतो. आल्यावर वादी आणि प्रतिवादी झालो. कुणाचा हिस्सा किती हे भोरच्या कोर्टात ठरायचं आहे. त्यात कोणाची चूक हे मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर त्याची सांगेन. सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. किकवीचं घर एक, ओटी एक, मध्ये भिंत नाही, पण दिवाळीला गेलो की माझा चहा वेगळा आणि त्याचा चहा वेगळा. काही निरोप असला तर काकू नेत. "त्याला म्हणावं मोटर बंद कर." तो समोर चार हातांवर उभा!

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी बरोबर एक काडी आणली. टीव्हीच्या पाठीत खुपसायची, बोटभर लांब, आणि तीत म्हणे हजारो जुने खेळ. कायद्याच्या कुठल्या कलमात ती बसते हे मी विचारलं नाही. बँकवाल्याने सगळंच विचारू नये. काडीबरोबर बिनतारी दांडे दोन. चिरंजीव आणि चुलतभावाची बारा वर्षांची लेक, दोघं ओटीवर खेळत बसली. वकिलांनी मुलांवर अजून नोटीस काढलेली नव्हती. मी पेपर वाचत होतो. तो दारात उभा राहून सुपारी कातरत होता. आणि अचानक ते संगीत सुरू झालं.

अडकित्त्याचा आवाज थांबला. माझा पेपर आपोआप खाली आला.

"पप्पा, तुम्हाला येतो हा?" पोरीने विचारलं. तो म्हणाला, "नाही." नाही म्हणता म्हणता तो चटईवर बसलासुद्धा. चिरंजीवांनी आपल्या हातातला दांडा माझ्या मांडीवर टाकला आणि फराळाच्या डब्याकडे गेले. झालं. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, एकाला मधुमेह, एकाला पाठीचा पट्टा, बरगडीला कोपर लावून बसली.

वीर निवडायचा पडदा आला. चौकट मुस्तफावर होती. मी माझ्या जुन्या सवयीने जॅककडे निघणार, तर तो माझ्याआधी जॅकवर जाऊन बसला होता. माझ्याकडे बघितलं नाही. टीव्हीकडेच बघत होता.

मी मुस्तफा घेतला.

सव्वीस-सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा. धावून लाथ घालायची कशी तेही मला धड येत नव्हतं. पोरं हसून लोळत होती. कसाबसा पहिला टप्पा गेला. दुसऱ्या टप्प्यात तो सुरे घेतलेला कसाई येतो, तिथे दोघांचंही आयुष्य संपत आलं. एक पिंप फुटलं आणि आतून खाणं पडलं. जो आधी पोचेल तो खाणार, हा त्या खेळाचा नियम. मी पोचलो. मी खाल्लं. जॅक मेला.

आणि सहा वर्षांनी माझा चुलतभाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलला : "सगळं तूच खा!"

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, मोबदल्यावरून जुंपली. जुंपली होतीच म्हणा. अर्धा तास आम्ही त्या खाण्यावरून भांडलो, १९९५चे हिशेब निघाले, आजीचे सात रुपये निघाले, पहारा कोणी नीट दिला नव्हता ते निघालं. मोबदला तेवढा निघाला नाही. मग सौ.ने न विचारता दोन कप चहा एकाच ताटलीत आणून ठेवला.

दावा मागे घेतला असं समजू नका. आम्ही व्यवहारी माणसं आहोत. तारखा चालूच आहेत. फक्त आता तारखेच्या दिवशी मी पुण्याहून निघतो, किकवीला त्याला गाडीत घेतो आणि वादी-प्रतिवादी एकाच गाडीतून भोरला जातात. पेट्रोल निम्मं-निम्मं. दोन्ही वकिलांना हे अजिबात आवडलेलं नाही.

तेव्हा हेडकॅशियरसाहेब, बंदी घालायची तर खुशाल घाला, पण आधी मोजा. तुमच्या नातवाच्या खेळाला दांडे किती, एवढंच विचारा. एक असेल तर काढून घ्या, मी तुमच्या बाजूने सही करतो. दोन असतील तर भेंडीची भाजी बाजूला ठेवा, हात धुवा आणि दुसरा दांडा धरा. मार खाल. नातू हसेल. पण खेळात खाणं दिसलं तर एक करा, ते त्याला खाऊ द्या.

हे मला शिकायला तीस वर्षं आणि तीन गुंठे लागले.